बोअर आणि ब्रिटिश: बंदुका, खंदक, घोडे आणि डावपेच – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धांवर लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका ठिकाणी आणले. आधी सोपे, मग जरा अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिली नाही, नुसता प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. बोअर म्हणजे नक्की कोण? आणि युद्धं किती झाली?

बोअर म्हणजे डच भाषेत शेतकरी. केप भागात सतराव्या शतकापासून स्थायिक झालेल्या डच, फ्रेंच, जर्मन लोकांचे हे वंशज. ब्रिटिश राज्य नको म्हणून १८३० च्या दशकात बैलगाड्या जोडून आत सरकले आणि पुढे त्यांची ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट अशी दोन प्रजासत्ताकं झाली. ब्रिटिशांशी युद्धं दोन, पहिलं १८८०-८१ चं, काही महिन्यांचं, ते बोअर जिंकले. दुसरं ११ ऑक्टोबर १८९९ ते ३१ मे १९०२, ते शेवटी ब्रिटिश जिंकले, पण त्यासाठी साम्राज्यभरातून साधारण साडेचार लाख माणसं आणावी लागली आणि समोर सगळे मिळून लाखभरसुद्धा बोअर नव्हते.

२. बोअरांकडे पगारी सैन्य नव्हतं तर लढायचं कोण?

सगळेच. १६ ते ६० वयाच्या प्रत्येक नागरिकाने बोलावणं आलं की स्वतःचा घोडा, बंदूक, काडतुसं आणि काही दिवसांचं खाणं घेऊन हजर व्हायचं. खाणं म्हणजे मुख्यतः बिल्टाँग, मीठ लावून वाळवलेलं मांस, खोगिराला अडकवलं की झालं. एका जिल्ह्याच्या तुकडीला कमांडो म्हणायचे, जगभर आज वापरतात तो कमांडो शब्द इथूनच आलाय. अधिकारी निवडून दिलेले असायचे, मोठे निर्णय युद्धसभेत चर्चा करून व्हायचे आणि एखाद्याला पटलं नाही तर तो सरळ घरी पण निघून जायचा. गणवेश फक्त तोफखान्याला आणि पोलिसांना, बाकी सगळे घरच्या कोटात आणि टोपीत. संगीन नव्हती, तलवार नव्हती. त्यामुळे हातघाईची लढाई त्यांना नकोच असायची, आणि बोअरांचे जवळजवळ सगळे डावपेच इथून सुरू होतात: लांबून मारायचं, आपण दिसायचं नाही आणि घोडा जवळ ठेवायचा.

३. लागर म्हणजे काय? ते ब्रिटिशांविरुद्ध पण वापरायचे का?

लागर म्हणजे बैलगाड्या गोल किंवा चौकोनी लावून केलेला तात्पुरता कोट. गाडीला गाडी साखळीने बांधायची, मधल्या फटीत काटेरी झुडपं कोंबायची, बायका-पोरं आणि जनावरं आत. १६ डिसेंबर १८३८ ला ब्लड रिव्हरवर साडेचारशेच्या आसपास बोअरांनी असाच लागर लावून हजारो झुलूंचा, म्हणजे तिथल्या आफ्रिकी योद्ध्यांचा, हल्ला परतवला. जुन्या ठासणीच्या बंदुका होत्या तरी जमलं, कारण भाला घेऊन येणाऱ्याला गाड्यांपर्यंत पोचणंच अवघड होतं.

झुलूंशी लढायला निघालेल्या ब्रिटिशांना बोअरांनी हाच सल्ला दिलेला, रोज रात्री लागर लावा म्हणून. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला छावणीभोवती ना लागर होता ना खंदक, आणि एका दिवसात १३०० च्या वर माणसं मारली गेली. दोन महिन्यांनी कंबुलाला त्याच ब्रिटिशांनी गाड्यांचा लागर लावला आणि तिथे झुलूंचा हल्ला फुटला.

ब्रिटिशांविरुद्ध मात्र लागर निरुपयोगी, कारण ब्रिटिशांकडे तोफा. फेब्रुवारी १९०० मध्ये पार्डेबर्गला जनरल क्रोन्ये गाड्या घेऊन नदीच्या पात्रात अडकला, दहा दिवस तोफगोळे खाल्ले आणि २७ तारखेला सुमारे चार हजार माणसांसकट शरण आला. या शरणागतीने युद्धाला कलाटणी दिली, पुढचं प्रश्न १२ मध्ये.

४. मार्टिनी-हेन्री चांगली बंदूक होती की वाईट?

तिच्या काळासाठी उत्तम. १८७१ ला ब्रिटिश सैन्यात आली, एकेरी, म्हणजे प्रत्येक गोळीला खालचा दांडा ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन घालायचं, दांडा वर. सरावाचा माणूस मिनिटाला दहा-बारा गोळ्या मारायचा. गोळी ३० ग्रॅमच्या वर वजनाची, शिशाची, लागली की हाड चुराडा. त्रास दोन-तीन होते. काळी दारू असल्यामुळे दहा-वीस फैरींनंतर समोर नुसता पांढरा धूर, नळीत काजळी साठून धक्का वाढत जायचा, खांदे काळेनिळे व्हायचे, आणि नळी तापली की पातळ पितळी पत्र्याचं काडतूस आत चिकटून बसायचं. गर्दीने चालून येणाऱ्या शत्रूवर हुकमाने एकत्र फैर झाडायला ती बनवलेली, आणि बोअर गर्दीने चालून येतच नव्हते.

५. मजुबाला एवढा मोठा पराभव कसा झाला? ब्रिटिश तर डोंगराच्या माथ्यावर होते!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आपल्याकडच्या माणसाला पडणं साहजिक आहे, कारण आपल्या डोक्यात गड म्हणजे वर असेल तो जिंकणार.

२६ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री जनरल कॉली जवळपास चारशे माणसं घेऊन मजुबा डोंगर चढला. चढाई यशस्वी, पहाटे माथा हातात, खाली बोअरांचा तळ दिसतोय. पण त्याने खंदक खणायचा हुकूम दिला नाही, तोफ वर नेली नव्हती, आणि माथा बशीसारखा असल्यामुळे खाली बघायचं तर कड्याच्या टोकाशी उभं राहावं लागायचं. उभं राहिलं की मागे मोकळं आकाश. खालून बघणाऱ्याला काळी आकृती स्वच्छ दिसते.

बोअरांनी काय केलं, तर वयस्क, नेम पक्का असलेली माणसं खाली राहिली आणि कड्यावर डोकं दिसलं की गोळी, असं चालू ठेवलं, आणि त्या आडोशाने तरुण पोरं घळीघळीतून, गवतातून वर सरकली. एक गट मारतोय, दुसरा सरकतोय, मग उलट. आज कुठल्याही सैन्यात हे पहिल्या काही महिन्यांत शिकवतात, १८८१ मध्ये शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. डोंगराचा उतार फुगीर असल्याने वरच्यांना खालचे दिसतच नव्हते, आणि दिसले तेव्हा अंतर अगदी थोडं उरलेलं. कॉली मेला, ९० च्या आसपास ब्रिटिश मेले, शेकड्यावर जखमी, बाकी पळाले किंवा पकडले गेले. बोअरांचं नुकसान एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. म्हणून उंचीचा फायदा असतोच, पण खाली बघता आलं तरच.

६. माउझर आणि ली-मेटफोर्ड, कुठली भारी?

यावर वाद खूप होतात त्यामुळे नीट सांगतो. १८९५-९६ ला जेमसनची स्वारी, म्हणजे ट्रान्सवालचं सरकार उलथवायला घुसलेल्या ब्रिटिश टोळीची चाल, फसली आणि युद्ध येणार हे ट्रान्सवालला कळून चुकलं, मग ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रूगर याच्या सरकारने जर्मनीतून सुमारे ३७,००० माउझर मागवल्या. १८९५ चं मॉडेल, ७ मिलिमीटर, पेटीत पाच गोळ्या. ब्रिटिशांकडे ली-मेटफोर्ड आणि तिचीच पुढची ली-एन्फिल्ड, .३०३ ची, पेटीत दहा गोळ्या. आकडे बघून वाटतं ब्रिटिश पुढे.

आता भरायचं कसं ते बघा. माउझरच्या पाच गोळ्या एका पातळ पत्र्याच्या पट्टीत ओळीने बसवलेल्या यायच्या. बोल्ट मागे ओढायचा, पट्टी खाचेत उभी ठेवायची, अंगठ्याने वरून एकदाच दाबायचं, पाचही गोळ्या सर्रकन पेटीत उतरतात, बोल्ट पुढे ढकलला की पट्टी आपोआप उडून पडते. दोन-तीन सेकंदांचं काम, झोपून, मान वर न करता. ली-मेटफोर्डमध्ये दहा गोळ्या एकेक करून घालाव्या लागायच्या. म्हणजे पहिल्या दहा गोळ्या भराभर, आणि नंतर ऐन गोळीबारात पाउचमधून एकेक काढत बसायचं. शिवाय ब्रिटिश नियम असा की पेटी राखीव ठेवायची, वर एक पत्र्याची झडप होती ती बंद करून एकेरी बंदुकीसारखंच मारायचं, हुकूम आला की झडप उघडायची. बंदूक नवीन पण विचार मार्टिनीचाच.

माउझरची गोळी वेगवान आणि उड्डाण सपाट, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी लागायची. त्यात सुरुवातीला नव्या ली-एन्फिल्डच्या एका मोठ्या खेपेची नेम धरायची माशी चुकीची बसवलेली निघाली, ५०० यार्डांवर गोळी दीड फूट उजवीकडे जायची, आणि हे कळलं आयत्या वेळी.

माझं मत विचाराल तर १८९९ मध्ये माउझर सरस. पण ब्रिटिशांनी धडा घेतला. युद्धानंतर जी आखूड ली-एन्फिल्ड आली तिच्यात पट्टीने भरायची सोय केली, आणि पायदळ-घोडदळ दोघांना एकच लांबी दिली. सरावात मिनिटाला १५ नेमके बार मारायची सवय लावली. १९१४ ला बेल्जियममधल्या मॉन्सला जर्मनांनी जो मारा खाल्ला त्याची मुळं इथे आहेत. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षं दिसायची ती .३०३ याच घराण्यातली.

७. बिनधुराच्या दारूने एवढा काय फरक पडला?

जमीन-अस्मानाचा. आधी बार झाला की धूर दिसायचा, म्हणजे शत्रू कुठे आहे ते कळायचं आणि तिकडे तोफ वळवता यायची. आता हजार यार्डांवरून माणसं पडतायत, आवाज येतोय, आणि समोर फक्त गवत आणि दगड. दिवसभर लढून एकही बोअर दिसला नाही असं सांगणारे सैनिक पुष्कळ होते. लढाईतली मोकळी जागा ओलांडणंच अवघड होऊन बसलं, त्याचं ठळक उदाहरण प्रश्न ९ मध्ये.

८. प्रत्येक बोअर जन्मजात नेमबाज होता हे खरंय का?

अर्धं. पहिल्या युद्धाच्या वेळची पिढी शिकारीवर वाढलेली, काडतूस महाग, एका गोळीत हरण पाडायचंच अशी सवय. १८९९ पर्यंत शिकार बरीच संपलेली, शहरात वाढलेले लोक पण होते, आणि काहींनी माउझर हातात घेतली ती युद्धाच्या तोंडावर. ब्रिटिशांचे मोठे घात झाले ते ते स्वतः जवळजवळ उभे, सरळ रांगेत, मोकळ्यावर होते म्हणून, आणि मारणारा आडोशाला आरामात बंदूक टेकवून बसला होता म्हणून. जागा निवडणं, अंतर ओळखणं, दुरून हालचाल टिपणं यात बोअर खरंच पुढे होते, उघड्या माळावर आयुष्य काढल्याने ती नजर आलेली. नुसत्या नेमाचं कौतुक केलं की त्यांचं खरं डोकं झाकलं जातं.

९. मॅगर्सफॉन्टेनच्या खंदकात विशेष काय होतं?

मला स्वतःला अख्ख्या युद्धातली ही सगळ्यात शिकण्यासारखी लढाई वाटते, म्हणून जरा लांब लिहितो.

रिवाज असा की टेकडी धरायची तर माथ्यावर बसायचं. बोअर जनरल दे ला रे याने आधीच्या लढायांत बघितलं की माथ्यावर ब्रिटिश तोफगोळे बरोबर पडतात, आणि वरून खाली मारलेली गोळी एका जागी जमिनीत घुसते. म्हणून त्याने सांगितलं की खंदक टेकडीच्या पुढे, सपाटीला खणा. अरुंद, खोल, छातीपर्यंतचे, खणलेली माती पसरून टाकलेली, वर झुडपं आणि गवत. तिथून गोळी जमिनीला समांतर जाते, म्हणजे पहिल्या रांगेतला चुकला तर मागचा सापडतो.

१० डिसेंबर १८९९ ला लॉर्ड मेथ्युएनच्या तोफांनी दुपारी टेकडीचा माथा भाजून काढला. तिथे जवळजवळ कोणी नव्हतंच. बोअरांचं नुकसान नगण्य, उलट उद्या हल्ला आहे ही बातमी फुकटात मिळाली. त्या रात्री धो धो पाऊस, आणि हायलँड ब्रिगेडची साडेतीन हजार माणसं अंधारात चुकू नयेत म्हणून खांद्याला खांदा लावून गच्च चौकोनात चाललेली. टेकडी अजून लांब आहे असं समजून पांगायचा हुकूम उशिरा निघाला, पांगायला सुरुवात झाली आणि चारशे यार्डांवरून, जमिनीतूनच, आगीची ओळ पेटली. ब्रिगेडचा प्रमुख मेजर-जनरल वॉकोप पहिल्या काही मिनिटांत गेला. उरलेले उघड्या माळावर पोटावर पडून राहिले, सकाळपासून दुपार उलटेपर्यंत, डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा, पाणी नाही, अंगावर स्कॉटिश किल्ट, त्यामुळे गुडघ्यांच्या मागची उघडी कातडी भाजून फोड आले आणि हलवलं की गोळी. दुपारी धीर सुटला आणि माणसं उठून पळाली, सगळ्यात जास्त मेली ती तेव्हा. ब्रिटिशांची हानी साडेनऊशेच्या आसपास, बोअरांची अडीचशेच्या आसपास.

त्याच आठवड्यात ब्रिटिश स्टॉर्मबर्ग आणि कोलेन्सोला पण हरले, म्हणून तो त्यांचा काळा आठवडा. कोलेन्सोला कर्नल लाँगने तोफा बंदुकीच्या टप्प्यात नेऊन उघड्यावर मांडल्या, गोलंदाज मारले गेले आणि दहा तोफा बोअरांनी ओढून नेल्या. तोफा वाचवताना फील्डमार्शल रॉबर्ट्सचा एकुलता एक मुलगा गेला.

१०. स्पिऑन कॉप म्हणजे लिव्हरपूलचं कॉप स्टँड तेच का? आणि गांधीजी तिथे होते?

हो, दोन्ही खरं. लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानातल्या प्रेक्षकांच्या उंच उताराला १९०६ मध्ये या टेकडीचं नाव दिलं. लढाई २४ जानेवारी १९०० ची. रात्री धुक्यात ब्रिटिश वर चढले, आणि खंदक खणायला गेले तर खाली कातळ, हत्यारं पण अपुरी, गुडघाभर चर कसाबसा झाला. धुकं उठल्यावर कळलं की चर माथ्याच्या कडेपासून फार मागे घेतलाय आणि शेजारच्या उंचवट्यावरून बोअर तो आडवा, टोकापासून टोकापर्यंत मारू शकतात. दिवसभरात अडीचशेच्या आसपास ब्रिटिश मेले. रात्री कर्नल थॉर्नीक्रॉफ्टने माघार घेतली, तेव्हा बोअर पण बहुतेक निघून गेलेले! सकाळी मोजकी माणसं परत वर गेली आणि टेकडी त्यांची झाली.

गांधीजींच्या भारतीय रुग्णवाहक दलात सुमारे ११०० माणसं होती, त्यातले बरेचसे करारबद्ध मजूर. कोलेन्सो आणि स्पिऑन कॉपच्या जखमींना डोलीत घालून मैलोन्मैल चालत नेलं. बोअर जनरल बोथाही त्याच रणांगणावर होता आणि बातमीदार-सैनिक चर्चिलसुद्धा.

११. लाँग टॉम तोफ खरंच एवढी भयंकर होती?

फ्रेंच बनावटीच्या १५५ मिलिमीटरच्या चार तोफा, गोळा चाळीस किलोच्या वर, टप्पा दहा किलोमीटरच्या आसपास. खरं तर किल्ल्यासाठी घेतलेल्या, एका जागी बसवायच्या. बोअरांनी त्या बैलांच्या जोड्या लावून डोंगरावर चढवल्या आणि लेडीस्मिथ, किंबर्ली, मेफेकिंग या वेढलेल्या ब्रिटिश गावांवर डागल्या. मैदानात एवढी अवजड तोफ फिरवता येते हे ब्रिटिशांना धक्कादायक होतं, मग त्यांनी जहाजावरच्या तोफा काढून घाईने चाकांवर बसवून आणल्या. लेडीस्मिथला प्रभू सिंह नावाचा करारबद्ध भारतीय मजूर उघड्यावर बसून असायचा, तोफेच्या तोंडाशी धूर दिसला की इशारा द्यायचा, आणि गोळा पोचेपर्यंत लोकांना लपायला काही सेकंद मिळायचे. लेडीस्मिथचा वेढा ११८ दिवस चालला.

जीवितहानी मात्र लाँग टॉमने त्या मानाने कमीच केली. सैनिकांना जास्त जाच व्हायचा तो ३७ मिलिमीटरच्या पॉम-पॉमचा, एक पौंडाचे छोटे गोळे धडाधड ओळीने यायचे.

१२. राजधान्या पडल्यावर युद्ध दोन वर्षं कसं चाललं? आपला गनिमी कावाच ना हा?

ब्लुमफॉन्टेन मार्च १९०० ला पडलं, प्रिटोरिया जूनमध्ये. त्याच मार्चमध्ये बोअर जनरल दे वेट आणि इतरांनी ठरवलं की गाड्या सोडायच्या, मनापासून लढणारेच ठेवायचे, घोड्यावर हलकं राहायचं. रसद तोडायची, रेल्वे उखडायची, एकटी तुकडी गाठायची, कुमक येण्याआधी पसार. हो, गनिमी कावा हाच आपल्याकडचा नेमका शब्द. फरक एक, आपल्याकडे मागे गड असायचे, बोअरांना गड नव्हता, त्यांच्यासाठी प्रत्येक शेतघर म्हणजे धान्य, घोडा आणि बातमी. ब्रिटिश सेनापती किचनरने घाव तिथेच घातला.

तीन गोष्टी एकत्र केल्या. सुमारे ३०,००० शेतघरं जाळली. रेल्वे आणि रस्त्यांच्या कडेने आठेक हजार ब्लॉकहाउस उभारली. ब्लॉकहाउस म्हणजे पन्हाळी पत्र्याच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत खडी भरलेली, मारायला भोकं, आत सात-आठ माणसं, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत काटेरी तार. मग त्या कुंपणाकडे हजारो घोडेस्वारांची ओळ करून हाकारा, शिकारीत करतात तसा. दे वेट तरी निसटलाच, फेब्रुवारी १९०२ मध्ये गुरांचा कळप आणि माणसं एकदम लोटून ओळ फोडली.

तिसरी गोष्ट छळछावण्या. बायका-मुलांना तंबूत कोंबलं, अपुरं खाणं, घाण पाणी, गोवर आणि विषमज्वर. सुमारे २८,००० बोअर तिथे मेले, त्यात २२,००० च्या वर मुलं. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वेगळ्या छावण्यांत किमान १४,००० गेले, ते कितीतरी वर्षं कोणी मोजलेच नाहीत. एमिली हॉबहाउस या बाईंनी जाऊन पाहिलं आणि इंग्लंडमध्ये हे उघड केलं. डावपेचांच्या पानावर हे का लिहिता असं काही जण विचारतात. कारण हा डावपेचच होता, बोअर माणसं हरली ती माळावर कमी आणि या तंबूंमध्ये जास्त.

१३. घोडदळाचं काय झालं? भाला-तलवार कामाला आली का?

एकदा नक्की. २१ ऑक्टोबर १८९९ ला एलांड्सलागटेला संध्याकाळच्या अंधुक उजेडात भालाईत पळणाऱ्या बोअरांत घुसले, आणि त्याचा राग बोअरांनी शेवटपर्यंत ठेवला. पुढे तलवारी-भाले बहुतेकांनी ठेवून दिले आणि घोडेस्वारांना आखूड कार्बाइन जाऊन पूर्ण लांबीची रायफल आली. घोडा जायला, पाय लढायला, ही बोअर पद्धत सगळ्यांनी उचलली. बोअरांचे छोटे घोडे लगाम जमिनीवर टाकला की तिथेच उभे राहायचे, त्यामुळे प्रत्येक माणूस गोळीबाराला मोकळा. ब्रिटिशांचे घोडे जहाजातून उतरले की विश्रांती न देता कामाला जुंपले, आणि तीन लाखांच्या वर मेले. गोळीने कमी, उपासमार आणि थकव्याने जास्त.

गंमत अशी नव्हे, पण नोंद घेण्यासारखी, की खरे धावते हल्ले शेवटी बोअरांनीच केले, खोगिरावरून बंदूक मारत. ११ एप्रिल १९०२ ला रूइवालला तो शेवटचा.

१४. दमदम गोळ्या कोणी वापरल्या?

आरोप दोघांनी एकमेकांवर केले. टोक पसरणारी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातली म्हणून ते नाव. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्याविरुद्ध ठराव झाल्यावर ब्रिटिशांनी पोकळ टोकाची गोळी या युद्धासाठी मागे घेतली, तरी काही माल आफ्रिकेत पोचलेला होता. बोअरांकडे शिकारीची मऊ टोकाची काडतुसं होती आणि पुढे पुढे त्यांनी पकडलेला ब्रिटिश मालच वापरला. माउझरची काडतुसं संपत गेल्यावर बरेच बोअर ली-मेटफोर्डच घेऊन लढत होते, हे प्रश्न ६ च्या वादात लोक विसरतात.

१५. खाकी घातलेला बोअर पकडला तर गोळी घालायचे, हे खरं?

हो, १९०१ मध्ये असं झालं. बोअरांचे कपडे फाटून लक्तरं झालेली, म्हणून ब्रिटिश कैद्यांचे खाकी कपडे उतरवून घ्यायचे आणि कैद्याला सोडून द्यायचे, ठेवायला तुरुंग कुठे होता! पण १७ सप्टेंबर १९०१ ला बोअर जनरल स्मट्सच्या माणसांनी १७ व्या लान्सर्स या ब्रिटिश घोडदळ पलटणीची छावणी मारली तेव्हा काहींच्या अंगावरच्या खाकीने पहारेकरी फसले. गरज म्हणून घातली की फसवायला, हे मेलेल्याला विचारता येत नाही, आणि शिक्षा दोघांना एकच होती.

१६. हे गोऱ्यांचं युद्ध होतं ना? मग बाकीचे लढले का?

तसं दोघांनी म्हणायचं ठरवलेलं. प्रत्यक्षात ब्रिटिशांनी किमान दहा हजार कृष्णवर्णीयांना बंदुका दिल्या, पहारा, टेहळणी, ब्लॉकहाउस यासाठी. मेफेकिंगच्या बचावात बारोलोंग लोक मोठ्या संख्येने होते. बोअरांबरोबर घोडे सांभाळणारे, काडतुसं भरणारे नोकर असायचे. ६ मे १९०२ ला होल्क्रान्सला झुलूंनी एका बोअर तुकडीवर रात्री हल्ला करून ५६ जण मारले, आणि त्या महिनाअखेरीस तह झाला.

भारतीय पलटणींना लढायला नेलंच नाही. हिंदुस्थानातून गोऱ्या पलटणी मुंबई आणि कलकत्त्याहून गेल्या आणि त्यांच्याबरोबर मोतद्दार, भिस्ती, डोलीवाले. लेडीस्मिथ टिकलं त्यात या वेळेवर पोचलेल्या कुमकेचा मोठा वाटा.

१७. महाराष्ट्रात बोअर कैदी होते असं ऐकलं, खरं का?

खरं. आफ्रिकेत कैदी ठेवले तर पळून परत लढतील, म्हणून त्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवलं. हिंदुस्थानात नऊ हजारांच्या आसपास आले, डझनभर छावण्यांत, आणि त्यातल्या दोन आपल्याकडच्या: अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि सातारा. तह झाल्यावरही परत जायचं तर ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची होती, आणि ती घेणार नाही म्हणून काही जण तहानंतरही इथेच बसून राहिले.